चित्राकडे पाठ करून

मोघे सर चित्राकडे पाठ करून बसत. आमच्या रांझीच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर ते मोठं चित्र, त्याच्या खाली सरांची लोखंडी खुर्ची आणि खुर्चीसमोर सतरंजीवर मुलं. मुलांना चित्र दिसायचं, सरांना मुलं दिसायची. एकोणीस वर्षं दर रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा हीच मांडणी. मुलांनी चित्र बघून पाच वाक्यं लिहायची आणि सरांनी ती लाल पेनाने सुधारायची.

सर पेशाने शिक्षक नव्हते. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ते तपासणी विभागात होते. छत्तीस वर्षं त्यांनी धातूचे तुकडे गेजमध्ये घालून पाहिले. बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. देवदत्त मोघे हे नाव पेन्शनच्या कागदावर उरलं, आम्ही सगळे 'सर' म्हणतो ते या रविवारच्या वर्गामुळे. वाक्यालाही ते गेज लावत. वही डोळ्यांजवळ धरून म्हणायचे, "हे जातं. हे जातं. हे नाही जात रे बाबा."

आमच्याकडे, या हिंदी मुलखात, मुलांना मराठी कळतं, पण उत्तर हिंदीतून येतं. आम्ही मोठी माणसंही घरात 'काहून', 'करून राहिलो' असंच बोलतो, मध्येच 'अच्छा', 'चलो' येतं. सरही चहा पिताना तसंच बोलत. पण कागदावर नाही. मुलांना सांगायचे, "बोलताना बनियानवर फिरा, मी काही म्हणत नाही. कागदावर यायचं तर शर्टाची बटणं लावून या." मुलं हसायची, आणि पुन्हा 'बाई बसून राहिली' लिहायची. सर पुन्हा 'बसली आहे' करायचे.

सुधारायची त्यांची सवय सगळ्या वस्तीला माहीत होती. लग्नाच्या पत्रिका छापायच्या आधी त्यांच्याकडे जात. एकवीस वर्षांपूर्वी शरयूकाकू, त्यांची बायको, गेल्या. मंडळाच्या फळ्यावर कुणीतरी घाईत 'दुखद निधन' लिहिलं होतं. सर नर्मदेवरच्या ग्वारीघाटावरून सगळं आटोपून परतले, फळ्यासमोर थांबले, खडू मागितला, 'दु'पुढे दोन टिंबं दिली आणि घरी गेले. ही गोष्ट आम्ही कितीतरी वर्षं हसत सांगितली. मीही सांगितली आहे.

ते चित्र शरयूकाकूंनी काढलेलं. त्या लग्नाआधी नागपूरला चित्रकला शिकल्या होत्या. मंडळाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९८५ साली, त्यांनी कॅनव्हासवर तैलरंगांत ग्वारीघाट काढून दिला. सकाळची नर्मदा, दोन नावा, पायऱ्यांवर एक पांढरी गाय, आणि खालून तिसऱ्या पायरीवर बसलेली एक बाई. तिच्या हातात पाण्यात सोडायचा दिवा, पण नजर नदीकडे नाही, आपल्याकडे. ती हसते आहे. ती बाई म्हणजे काकूच, हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं. काकूंचा वरचा एक दात जरा पुढे होता. फोटो काढताना त्या ओठ घट्ट मिटून घेत, त्यामुळे त्यांच्या एकाही फोटोत हसू नाही. चित्रात मात्र त्यांनी स्वतःला दातासकट हसवलं होतं. त्या हसायच्या कशा, हे बघायला जगात तेवढी एकच जागा होती.

आणि सर त्या जागेकडे पाठ करून बसत. मी एकदा विचारलंही होतं. म्हणाले, "मला ते पाठ आहे हर्षा. मुलांना बघू दे."

गणपतीच्या आधी हॉलची सफाई आम्ही बायका करतो. चित्रही पुसायचं. ओलं फडकं, कधी त्यात थोडा साबण. आधी चेहरा पुसायचा, मग बाकीचं. देवाच्या तसबिरी पुसायचं हाताला तेच वळण होतं. २०१२ पर्यंत नऊ-दहा वर्षं हे काम माझ्याकडे होतं, मग चित्र पुसणंच मागे पडलं. मी बी.एस्सी. झालेली बाई आहे. ओल्या फडक्याने तैलचित्र पुसू नये हे मला कुणी सांगितलं नाही, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. काकूंचा चेहरा आपण स्वच्छ ठेवतो याचं मला समाधान वाटायचं.

यंदा जुलैमध्ये हॉलला रंग द्यायचा ठरला. मंडळाचे सचिव धनेशभाऊ दोन मजूर घेऊन चित्र उतरवायला गेले आणि दहा मिनिटांत माझा फोन वाजला.

"वहिनी, जरा हॉलवर या. आणि सरांना काही बोलू नका अजून."

चित्र सतरंजीवर पालथं ठेवलं होतं. मागची बाजू तव्याच्या बुडासारखी काळी. त्या भिंतीच्या पलीकडे मंडळाने २०१२ मध्ये पाण्याची टाकी बसवली होती, भिंत हाताला ओली लागत होती. दोघा मजुरांनी चित्र सुलटं केलं तेव्हा सतरंजीवर रंगाचा चुरा राहिला, पापडाचा राहतो तसा. नदी होती, एक नाव होती, गाय अर्धी होती. बाईचे केस होते, डावा डोळा होता. त्याखाली नुसता मळका कपडा.

"आत्ता पडलं हे?" मी विचारलं.

"थोडं आत्ता. बाकी आधीच गेलेलं असणार," धनेशभाऊ म्हणाले. "वहिनी, आपण बघत काय होतो इतके दिवस?"

दरवर्षी गणपतीत चित्राच्या पुढे पडदा आणि माळा. एरवी हॉलमध्ये दोन ट्यूबलाइट, त्यातली एक बंद.

संध्याकाळी सर आले. स्कूटर लावली, हेल्मेट काखेत धरून आत आले आणि चित्रासमोर उभे राहिले. मग चष्मा कुणी हलवला असं विचारावं तसं म्हणाले, "चेहरा कुठे आहे?"

धनेशभाऊ म्हणाले, "सर, हळूहळू गेला असेल."

"कधी?"

धनेशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"मला बाकी काही नको," सर म्हणाले. "नाव नको, गाय नको. तेवढा चेहरा परत करा."

धनेशभाऊंची भाची सुखदा दिल्लीला जुनी चित्रं दुरुस्त करायचं काम करते. ती आठवडाभरासाठी आली. शांत मुलगी, भिंग घेऊन जमिनीवर पालथी पडून बघायची. ती म्हणाली, "काका, जे उरलंय ते मी थांबवू शकते. गेलेल्या जागी काय होतं याचा स्पष्ट फोटो आहे का?"

फोटो नव्हता. म्हणजे होते, पण सगळ्यांत पुढे गणपती आणि मागे पडदा.

"निदान कुणी काही लिहून ठेवलंय?" तिने सहज विचारलं.

सर ताडकन उठले. "लिहून ठेवलंय," म्हणाले. "एकोणीस वर्षांचं लिहून ठेवलंय."

तपासणीच्या खात्यात कागद फेकायचा नाही, तो नियम त्यांनी घरीही पाळला होता. मुलांच्या भरलेल्या वह्या ते परत घेत आणि पत्र्याच्या पेटीत वर्षवार बांधून ठेवत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी मदतीला गेले. जेवणाच्या टेबलावर आम्ही गठ्ठे सोडले. चेहऱ्याबद्दल जे जे वाक्य असेल ते शोधायचं आणि सुखदाला द्यायचं, असं ठरलं.

पहिला तास सरांना मी इतकं खुशीत फार दिवसांनी पाहिलं. २००६: 'बाई हसत आहे.' २००७: 'तिच्या कपाळावर मोठी टिकली आहे.' २००८ मध्ये एका मुलीने लिहिलं होतं, 'बाईचा एक दात पुढे आहे तरी ती छान दिसते.' खाली लाल अक्षरात शेरा: 'वाक्य बरोबर. पण कुणाच्या व्यंगाबद्दल लिहू नये.'

सरांनी शेऱ्यावर अंगठा ठेवला आणि वरचं वाक्य पुन्हा वाचलं. "बघ हर्षा. पोरीने दात पाहिला होता. मी तिचा अर्धा मार्क कापला." आणि चक्क हसले. दाताबद्दल आणखी वाक्यं निघाली, ती त्यांनी वेगळी लावून ठेवली.

मग २०१३ चा गठ्ठा आला.

'उजव्या कोपऱ्यात दीवार ओली आहे.' 'दीवार' खोडून 'भिंत'. बरोबरची खूण.

'नावेचा रंग पडून राहिला.' 'पडत आहे'. खूण.

'गायीच्या पायावर काळं काळं आलं.' 'आले आहे'. खूण.

सर पानं भरभर उलटायला लागले. २०१४, २०१५. वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळी मुलं, एकमेकांना न विचारता. पाणी कुठून येतं ते कुणी लिहिलं होतं, कुणी दुसरी नाव गेली म्हणून लिहिलं होतं. प्रत्येक वाक्यावर लाल शाई होती. एकही वाक्य न वाचलेलं नव्हतं.

मग माझ्या समिधाची वही निघाली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. अक्षर मी लांबूनच ओळखलं. 'सर चित्राच्या मागून पाणी येऊन राहिलं. बाईच्या गालावर फुगा आला. मी हात लावला तर फुटला. सर तुम्ही मागे पहा. बाई दुखी आहे.'

'येत आहे.' 'आला आहे.' 'सर'च्या पुढे स्वल्पविराम. 'दुखी'तल्या दु पुढे दोन टिंबं. खाली 'पाचपैकी साडेतीन. प्रगती आहे.'

सरांनी वही बंद केली नाही. उघडीच ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

"हर्षा, हे मी वाचलं होतं."

"सर, तुम्ही वाक्य बघत होता."

"तेच तर म्हणतोय मी," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात जाऊन मी चहा ठेवला. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. चहा घेऊन आले तेव्हाही ते तसेच बसले होते. म्हणाले, "फॅक्टरीत माझ्या हातून एक तुकडा चुकीचा गेला नाही कधी." मग थोड्या वेळाने, "काहून पाहिलं नाही ग मी मागे?" हे त्यांनी बनियानवरच्या मराठीत विचारलं.

इथे मला माझं थोडं सांगावं लागेल. समिधा गेल्या वर्षापासून पुण्याला शिकते. पहिल्या महिन्यात तिचा मेसेज आला होता: 'मम्मी इथे मन लागून नाही राहिलं.' मी उत्तर दिलं होतं, 'मन लागत नाही, असं म्हणतात ग. तिथे असं बोलशील तर मुली हसतील.' सोबत हसरा चेहराही टाकला होता. त्यानंतर तिचे मेसेज बदलले. चांगल्या मराठीत येतात. सरांच्या टेबलाशी उभी असताना मला तो मेसेज आठवला आणि हातातला चहा सरांपुढे ठेवायचाच राहिला. सरांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

सुखदाने सगळी वाक्यं वाचली. तिला ती आवडली, दोन-तीन तर तिने मोठ्याने वाचली. पण मान हलवली. "काका, शब्दांवरून चेहरा उभा करता येत नाही. टिकली किती मोठी, दात किती पुढे? मी काढला तर ते माझ्या मनातलं हसू होईल. ते मला करता येणार नाही." चेहऱ्याच्या जागी ती आजूबाजूच्या रंगाशी जुळणारा साधा रंग भरणार होती, डोळ्याला खड्डा खुपू नये एवढाच.

"आणि डोळा?"

"डोळा मी वाचवीन. तेवढं नक्की."

सुखदा दुपारी मावशीकडे जेवायला गेली तेव्हा धनेशभाऊंनी हळूच दुसरा उपाय काढला. "सर, गोहलपुरात एक पेंटर आहे, दुकानांचे बोर्ड करतो. माणसाचा चेहरा घंटाभरात उभा करतो. काकूंचा फोटो देऊ, तोंड जरासं उघडं काढायला सांगू. कोण बघतंय?"

मला वाटलं सर चिडतील. सर म्हणाले, "घेऊन ये त्याला."

पेंटर आला. साठीचा, सभ्य माणूस. चपला दाराबाहेर काढल्या, चित्रासमोर उकिडवा बसला. काकूंचा ओठ मिटलेला फोटो एका हातात धरून त्याने विचारलं, "बाबूजी, हँसते हुए कैसी दिखती थीं? आप बोलते जाइए, मैं पेन्सिल से बनाता जाऊँगा."

सर खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसले होते. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. "दाँत थोड़ा..." म्हणाले आणि थांबले. हाताने वरच्या ओठाशी काहीतरी दाखवलं. पेंटर वाट बघत होता. सरांनी डोळे मिटले. आम्ही सगळे बघत होतो. एकोणीस वर्षं त्यांनी मुलांकडून या चित्रावर दर रविवारी पाच वाक्यं लिहून घेतली, आणि त्यांना स्वतःला एक सांगता येत नव्हतं.

"गाल कैसे होते थे?" पेंटरने मदत केली.

"याद नहीं आ रहा," सर म्हणाले. "मुझे पूरा याद था. याद था, इसीलिए देखता नहीं था."

पेंटरने फोटो कपाळाला लावला, सरांच्या हातात परत दिला. "रहने दीजिए बाबूजी," म्हणाला, "ग़लत बन गया तो आपको रोज़ दिखेगा." आलेल्या खेपेचंही त्याने काही घेतलं नाही.

चित्र परवा पुन्हा टांगलं. टाकी भिंतीपासून हलवली आहे, चित्रामागे लाकडाचे ठोकळे लावून दोन बोटं हवा ठेवली आहे. नदी आता पूर्वीपेक्षा निळी दिसते, कारण सुखदाने वरची काजळी आणि माझ्या साबणाचे डाग काढले. बाईचे केस आहेत, डावा डोळा आहे, खाली पायरीच्या रंगाची एक गुळगुळीत जागा आहे. डोळा एकटा आपल्याकडे बघतो. तो हसरा आहे की नाही हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही. मी प्रयत्न केला.

आज रविवार. सरांनी खुर्ची फिरवून घेतली. आता ते मुलांच्या मागे, दाराशी बसतात, तोंड चित्राकडे. मुलांना हे विचित्र वाटलं, ती सारखी मागे वळून सरांना बघत होती. वह्या आल्या. सगळ्यात लहान मुलाने लिहिलं होतं, 'बाईला तोंड नाही आहे.' सरांनी ते वाचलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. लाल पेनाचं टोपण काढलंच नाही. पण वही परत देईनात. शेवटी मुलानेच हातातून ओढून घेतली.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. चित्राशेजारी एक कागद लावायचा आहे. तिथे काय होतं ते मुलांच्या वाक्यांत, २००६ पासूनचं, जसं आहे तसं. पहिली वाक्यं हसण्याची, मग दाताचं, मग भिंतीचं, शेवटी समिधाचं.

"तू लिहून आण," म्हणाले. "माझ्या हातून होत नाही. काल चार कागद फाडले. नुसतं उतरवायला बसतो आणि हात सुधारून मोकळा होतो."

म्हणून आत्ता मी हे घेऊन बसले आहे. घरात सगळे झोपले आहेत. माझं जे काही बरं मराठी आहे ते सरांचंच आहे, त्यामुळे माझाही एक कागद वाया गेला. 'येऊन राहिलं' लिहायचं होतं, 'येत आहे' लिहून बसले. दुसऱ्या कागदावर समिधाच्या वाक्यापर्यंत नीट आले आणि थांबले.

मग तिला मेसेज केला. 'जागी आहेस का? घाटावरच्या बाईचा चेहरा आठवतो का तुला? तू शेवटपर्यंत पाहिला होतास. कसंही लिही. चुकीचं लिहिलंस तरी चालेल. आणि तू कशी आहेस तेही तसंच लिही.'

ती जागी होती. लिहिते आहे असं बराच वेळ दिसत राहिलं. थांबलं. पुन्हा दिसलं. एवढा वेळ लिहिते आहे म्हणजे काहीतरी मोठं येणार असं वाटून मी फोन दोन्ही हातांत धरून बसले.

मग आलं: 'आई, मला आता आठवत नाही. मी ठीक आहे. तू काळजी करू नकोस, झोप.'

ती मला मम्मी म्हणायची. आई कधीपासून म्हणायला लागली, हे आठवायचा मी प्रयत्न करते आहे. मेसेज चार वेळा वाचला. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी आहेत. फोन करावा तर उचलेल आणि हेच म्हणेल. पुण्याची गाडी उद्या दुपारी आहे, पण 'काळजी करू नकोस' म्हणणाऱ्या मुलीच्या दारात जाऊन उभं राहून मी तिला काय विचारणार?

सरांना सकाळी कागद द्यायचा आहे. समिधाचं शेवटचं वाक्य राहिलं आहे. 'बाई दुखी आहे.' टिंबं द्यायची नाहीत.